अमळनेरचं मटण दुकान : फक्त मांसावर जगणाऱ्याचा रिव्ह्यू

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढे येईलच.

दुकान बोरी नदीकडच्या बाजूला आहे, पाटीवर नुसतं "ताजे मटण" लिहिलंय, दुसरं नाव नाही. बोकड डोळ्यासमोर टांगलेला असतो, आपण बोट दाखवायचं आणि तिथलंच कापून मिळतं, कालचा माल फ्रीजमधून काढून खपवायचा प्रकार नाही.

आता गिऱ्हाईक म्हणून मी जरा विचित्र आहे. मी कार्निव्होर डाएटवर आहे म्हणजे मटण, चिकन, मासे, अंडी, तूप, मीठ आणि पाणी, बस. भाकरी नाही, शेवभाजी नाही, भरीत तर नाहीच नाही (हो, खान्देशात राहून, थंडीतसुद्धा, घरचे अजून माफ करायला तयार नाहीत). त्यामुळे बाकीचे लोक बोट्या किती आणि हाडं किती टाकली यावरून भांडतात आणि मी चरबी किती दिली ते बघतो.

कारण या डाएटची खरी मेख तिथेच आहे. अमेरिकेतले लोक हे सगळं बीफवर चालवतात, त्यांच्या रिबआय स्टेकमध्ये 100 ग्रॅमला 20 ग्रॅमच्या आसपास फॅट असतं. आपल्याकडे बोकड, आणि चरबी काढलेल्या बोकडाच्या मटणात तेच फॅट 2-3 ग्रॅम. नुसत्या अशा मटणावर माणूस टिकत नाही. 1928 ला न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलात स्टेफान्सन नावाच्या, आर्क्टिकमध्ये एस्किमो लोकांत राहून आलेल्या गड्याला डॉक्टरांनी मुद्दाम फक्त मांसावर ठेवलं होतं, सुरुवातीला बिनचरबीचं दिलं तर दोन-तीन दिवसांत मळमळ आणि जुलाब, चरबी सुरू केली आणि पठ्ठ्या ठीक झाला. तर मुद्दा हा की खाटीक चांगला पाहिजे म्हणजे चरबी देणारा पाहिजे.

आणि इथे हे दुकान बाकीच्यांना मागे टाकतं. मी सिना आणि चाप मागतो, वरचा पांढरा थर तसाच ठेवून, आणि सोबत गुरद्याभोवतीची चरबी वेगळी. पहिल्यांदा मागितली तेव्हा काकांनी सुरा थांबवला आणि विचारलं, "भाऊ, इतली चरबी कसाले जोयजे?" आता न विचारता बाजूला काढून ठेवतात, पैसे घेतात पण मटणाच्या भावाने नाही. ती घरी आणायची, बारीक तुकडे करायचे, जाड बुडाच्या पातेल्यात थोडं पाणी टाकून एकदम मंद गॅसवर ठेवायची, पाणी उडालं की चरबी सुटायला लागते, तुकडे लालसर कुरकुरीत होऊन वर येतात, गाळून बरणीत भरायची. थंड झाली की मेणासारखी घट्ट. यात चाप नुसत्या मिठावर भाजायचे, पण खायचे गरम गरमच, गार झालं तर चरबी टाळूला चिकटते आणि मग गरम पाणी प्यायल्याशिवाय सुटत नाही.

पायेही इथले चांगले, भाजून, खरवडून, तुकडे करून देतात, केसांचा वास राहत नाही. मीठ टाकून कुकरला भरपूर शिट्ट्या, ते पाणी हाच माझा सकाळचा चहा. मे महिन्यात पारा 44-45 ला जातो तेव्हा नुसतं पाणी पिऊन गळून जायला होतं, मिठाचं हे पाणी बरं पडतं. कलेजी पण ताजी असते, पण ती मी रोज घेत नाही, व्हिटॅमिन ए खूप असतं त्यात.

हॉटेलात हे काही जमत नाही म्हणून दुकानावर इतकं लिहितोय. आपल्याकडे ढाब्यावर "बिनमसाल्याचं, बिनतेलाचं मटण द्या" म्हटलं तर वेटर आधी आजारी आहात का विचारतो, आणि शेवटी आणतो ते काळ्या मसाल्याचंच, वर शेंगदाणा तेलाची बोटभर तर्री. चूक त्याची नाही, तर्री नसेल तर बाकीचं गिऱ्हाईक ताट परत पाठवेल. तसं पण मी कुठल्या गावात बसून तेलाला नावं ठेवतोय, विप्रो 1945 ला इथेच सुरू झाली ती वनस्पती तूप बनवायला!

आता कापलेला स्टार. खिमा. मशीन एकच, त्यातूनच चिकनचा पण निघतो आणि मध्ये धुतात की नुसतं पाणी मारतात देव जाणे, म्हणून खिमा समोर सुऱ्याने करून मागा, रविवारी मात्र तो करून देत नाहीत, गर्दीत काका तोंड वर करून बघत पण नाहीत. आखाडात तर विचारूच नका, रांग रस्त्यावर येते. उलट श्रावणात दुकान रिकामं, पाहिजे तो तुकडा मिळतो, पण तेव्हा घरात शिजवू कोण देणार? त्यात श्रावणात आमच्याकडे कानबाई देवीचा सण, तिच्या प्रसादाचे गव्हाचे रोट घरच्यांनीच संपवायचे असतात, तेवढ्यापुरतं माझं डाएट बाजूला, आईपुढे स्टेफान्सन चालत नाही.

खर्चाचं म्हणाल तर भाव गावात आहे तोच, स्वस्त नाही, म्हणून रोज मटण नाही खात मी, अर्धे दिवस गावरान अंडी आणि तूप, कधी तापीची मरळ मिळाली तर ती. युरिक ॲसिड नाहीतर किडनीचा त्रास असलेल्यांनी माझं बघून सुरू करू नका, आधी डॉक्टरला विचारा, आणि सुरू केलंच तर कोलेस्टेरॉल तपासत राहा, काहींचं चांगलंच वाढतं.

सोमवारी बंद. फोनपे चालतं. चाप पाहिजे असतील तर सकाळी लवकर जा, दहानंतर नुसती मांडी उरते आणि मांडीला चरबी नसते.