मुंबई–कोची क्रूझ: बोटीपेक्षा कोचीचा एक दिवस नीट आखा

मुंबईहून कोचीला जाणाऱ्या क्रूझचं बुकिंग करताना सगळं लक्ष खोलीवर असतं. बाल्कनी घ्यायची की खिडकी, मुलांचा पलंग वरचा की खालचा, जेवण कोणत्या पाळीला. कोचीत बोट कोणत्या वारी थांबते, हे मात्र कोणी विचारत नाही. या सहलीचं यश निम्म्याहून जास्त त्या वारावर ठरतं. कोचीच्या मट्टनचेरी भागातला डच पॅलेस शुक्रवारी बंद असतो. तिथलंच ज्यूंचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, शुक्रवारी आणि शनिवारी बंद असतं, शिवाय त्यांच्या सणांनाही. म्हणजे बोट शुक्रवारी लागली, तर शहरातल्या दोन सर्वांत मोलाच्या जागा फक्त बाहेरून बघायच्या. तारखेची निवड हातात असेल तर रविवार ते गुरुवार यांतला थांबा घ्या आणि त्यासाठी खोली एक पायरी साधी घ्यावी लागली तरी चालेल.

आधी बोटीबद्दल. अंतर सुमारे ५८० सागरी मैलांचं. पंधरा-सोळा नॉटच्या वेगाने ३६ ते ३९ तास लागतात. संध्याकाळी निघालेली बोट मधला पूर्ण दिवस समुद्रात असते आणि तिसऱ्या दिवशी सकाळी कोचीत लागते. बोट बॅलार्ड पिअरवरून सुटते, भाऊच्या धक्क्यावरून नाही. टॅक्सीवाल्याला हे स्पष्ट सांगा. या मार्गावर गाजलेली कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ ही बोट १९९० सालची आहे. त्या काळच्या बोटींमध्ये खोल्या लहान आणि बाल्कन्या मोजक्याच असायच्या, हे जाहिरातीतल्या फोटोंवरून कळत नाही. चौघांच्या खोलीत दोन पलंग भिंतीतून खाली ओढायचे असतात आणि ते ओढले की मोठी बॅग उघडायला जागा उरत नाही. म्हणून मऊ, घडी होणाऱ्या बॅगा न्या. त्या पलंगाखाली सरकतात. दोन लहान मुलं असतील तर एका खोलीत निभावतं. आजी-आजोबा बरोबर असतील तर समोरासमोरच्या दोन साध्या खोल्या एका बाल्कनीच्या खोलीपेक्षा कितीतरी बऱ्या.

बोट लागून उलट्या होण्याची भीती असेल तर खालच्या मजल्यावरची, बोटीच्या मध्यभागातली खोली मागा. झोका टोकांना आणि वरच्या मजल्यांवर जास्त बसतो, मध्यात कमी. गोळी उलटी सुरू झाल्यावर नाही, बोट सुटण्याआधी घ्यायची असते. ज्येष्ठांनी ती आधी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, कारण तिने गुंगी येते. समुद्र सर्वांत शांत असतो तो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत.

किमतीबाबत एकच सांगणं: जाहिरातीतला आकडा विसरा. बंदर शुल्क, सेवा शुल्क आणि जीएसटी धरून शेवटच्या पानावर दिसणाऱ्या रकमेचीच तुलना करा. मुख्य जेवण तिकिटात असतं. मद्य, काही खास रेस्टॉरंट आणि वायफाय यांचे पैसे वेगळे. जैन जेवण मिळतं, पण बुकिंगच्या वेळीच नोंदवा. किनाऱ्यापासून दूर गेलं की मोबाइलची रेंज जाते. फोन एअरप्लेन मोडवर टाका; काही बोटींवर उपग्रहाचं नेटवर्क पकडलं जातं आणि बिल घरी आल्यावर कळतं. चहासाठी विजेची किटली किंवा इस्त्री नेऊ नका. आगीच्या धोक्यामुळे बहुतेक बोटींवर त्या चढतानाच काढून घेतात.

आता कोची. बोट लागते विलिंग्डन बेटावर. हे बेट बंदर खोल करताना उपसलेल्या गाळातून तयार झालेलं, मानवनिर्मित आहे. नाव ज्या लॉर्ड विलिंग्डनचं, त्याच्याच नावाचं कॉलेज सांगलीत आहे. तो आधी मुंबईचा गव्हर्नर होता. धक्का ते मट्टनचेरी रस्त्याने चार-पाच किलोमीटर, तिथून फोर्ट कोची आणखी दोन-तीन. बोटीचा थांबा कागदावर दहा तासांचा असला तरी उतरण्याच्या रांगेत तासभर जातो आणि सुटण्याच्या तासभर आधी परत चढायचं असतं. जेवण आणि वाहतूक वजा केली की बघायला पाच-साडेपाच तास उरतात. ते पुरतात, क्रम चुकला नाही तर.

बोटीची सशुल्क सहल घ्यावी का? तिचा एकच खरा फायदा: बस अडकली तर बोट थांबते, स्वतःहून फिरणाऱ्यांसाठी थांबत नाही. पण इथे अंतरं इतकी कमी आहेत की ही भीती फारशी खरी नाही. उलट मोठी बस सिनेगॉगभोवतीच्या ज्यू टाऊनच्या गल्लीत शिरत नाही, चाळीस माणसांची उतर-चढ प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं खाते आणि एक थांबा हमखास एम्पोरियमचा असतो. चालायला त्रास असलेले ज्येष्ठ असतील तर बस घ्या. बाकीच्यांनी बंदराच्या फाटकाबाहेर येऊन ॲपवरून गाडी किंवा रिक्षा करावी. फाटकावर परत येताना बोटीचं कार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र दोन्ही लागतात. रिक्षा दिवसभरासाठी ठरवली तर ‘दुकान नको’ हे आधी बोलून घ्या, कारण गिऱ्हाईक आणल्याबद्दल दुकानं रिक्षावाल्यांना कमिशन देतात.

सुरुवात मट्टनचेरीपासून करा. सिनेगॉग सकाळी दहाला उघडतं, दुपारी एक ते तीन बंद असतं. आधी फोर्ट कोची बघून दुपारी इकडे येणारे नेमके याच वेळेत दारावर पोचतात. हे ‘परदेशी सिनेगॉग’ १५६८ चं आहे. जमिनीवरच्या निळ्या-पांढऱ्या फरशा चीनमधून आलेल्या, हाताने रंगवलेल्या. एकसारखी दुसरी सापडत नाही म्हणतात. मुलांना ते शोधायला लावा, पंधरा मिनिटं शांततेत जातात. बाहेरचा घड्याळाचा मनोरा १७६० चा. चपला बाहेर ठेवायच्या, अर्ध्या चड्डीत आणि बिनबाह्यांच्या कपड्यांत आत सोडत नाहीत. तिकीट नाममात्र आहे, पण सुटे पैसे ठेवा. अलिबागकडचे मराठी बोलणारे बेने इस्रायली ज्यू आपल्याला माहीत असतात. कोचीचे ज्यू हा त्यांच्याहून वेगळा समाज, मल्याळम बोलणारा.

डच पॅलेस पाच मिनिटांवर. नाव डच, पण बांधला पोर्तुगीजांनी, १५५५ च्या सुमारास, आणि दिला कोचीच्या हिंदू राजाला. मंदिर लुटल्याबद्दलची भरपाई म्हणून, असं सांगतात. डचांनी १६६३ नंतर डागडुजी आणि थोडी वाढ केली. राजाच्या शयनगृहाच्या भिंतींवर रामायण रंगवलंय, ते बघायला अर्धा तास हवाच. पालख्या आणि तलवारींच्या दालनांतून झपाट्याने पुढे गेलात तरी काही बिघडत नाही. फोटो काढू देत नाहीत. वर जायला जिना आहे, गुडघेदुखीवाल्यांनी विचार करावा.

मसाले ज्यू टाऊनच्या सजवलेल्या दुकानांत बघा, घ्या मात्र बाजार रोडला, जिथे घाऊक व्यापार चालतो. वेलदोडा हिरवागार, टपोरा आणि न उमललेला असावा. मिरी घेण्याआधी चिमूटभर पाण्यात टाकून दाखवायला सांगा: चांगली मिरी बुडते, भेसळीच्या पपईच्या बिया तरंगतात. दुकानदार कुरकुरला तर पुढचं दुकान.

जेवायला मट्टनचेरीतच थांबा. मांसाहारींसाठी कायीज रहमतुल्ला हॉटेलची बिर्याणी. दुपार उलटली की संपते, म्हणून साडेबाराच्या आत. शाकाहारी आणि जैनांसाठी गुजराती रोड. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या गुजराती वस्तीमुळे साधी थाळी आणि फरसाण मिळतं. जवळच्या चेरलाईत कोकणी सारस्वतांचं तिरुमला देवस्थान आहे. पोर्तुगिजांच्या छळामुळे गोव्यातून निघालेल्या लोकांनी ते उभारलं. आजूबाजूला कान दिला तर ओळखीचे शब्द ऐकू येतील. देऊळ दुपारी बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा.

दुपारी फोर्ट कोची. सेंट फ्रान्सिस चर्चची सुरुवात १५०३ मध्ये लाकडी बांधकामाने झाली. वास्को द गामा कोचीतच १५२४ मध्ये वारला आणि इथे पुरला गेला; अस्थी नंतर पोर्तुगालला नेल्या, थडग्याचा दगड राहिला. छताला दोरीने ओढायचे कापडी पंखे अजून टांगलेले आहेत. वीस मिनिटं पुरेत. संध्याकाळच्या कथकलीची तिकिटं विकणारे भेटतील. प्रयोग साधारण सहाला असतो, त्यामुळे बोटीच्या प्रवाशाने पैसे घालवू नयेत.

चिनी जाळ्यांपाशी मात्र बहुतेकांचा वेळ वाया जातो. दगडांच्या वजनावर तोललेलं ते जाळं चार-पाच जण ओढतात. तुम्हालाही दोरी धरायला बोलावतात आणि मग पैसे मागतात. आधी ठरवलेत तर वाद नाही. मासे घेऊन शेजारी शिजवून मिळतात, पण वजन समोर करून घ्या आणि शिजवण्याचा दर आधी विचारा. किनारा अस्वच्छ, ऊन कडक. दहा मिनिटं थांबा आणि निघा. सूर्यास्तासाठी तिथे रेंगाळू नका, कारण त्या जाळ्यांचं सर्वांत चांगलं दृश्य बोटीवरूनच दिसतं. बाहेर पडताना बोट फोर्ट कोची आणि समोरचं वायपीन बेट यांच्यामधल्या अरुंद खाडीतून जाते. सुटायच्या अर्धा तास आधी वरच्या डेकवर, पुढे तोंड करून डाव्या बाजूला जागा धरा. फोर्ट कोची त्या बाजूला येतं.