रिसेप्शनचा सूट: मॉलमधून, परदेशातून की क्लॉथ मार्केटमधून?

भाच्याचं लग्न फेब्रुवारीत ठरलं आणि दिवाळी उलटताच घरात सुटाचा विषय निघाला. मुहूर्ताला धोतर, उपरणं आणि पगडी हे नक्की होतं. सीमांत पूजन आणि रिसेप्शनचं काय? त्याची मोठी बहीण न्यू जर्सीत असते. तिने फोनवर सांगून टाकलं, "तिकडे कशाला पैसे घालवता? इथे सेलमध्ये वूलचा सूट निम्म्या भावात मिळतो, मी येताना आणते." भाच्याने मॉलमध्ये एक गडद निळा सूट हेरून ठेवला होता, किंमत 18,999 रुपये. आणि मेव्हण्यांचा हट्ट असा, की त्यांचा लग्नातला सूट क्लॉथ मार्केटच्या कापडाचा, तो अजून कपाटात आहे, तर मुलाचाही तसाच शिवायचा.

तीन आठवडे मी भाच्याला घेऊन इंदूर पालथं घातलं. ज्यांच्या घरी या मोसमात हाच प्रश्न आहे, त्यांच्यासाठी लिहितोय.

माझं मत आधीच सांगतो. परदेशात स्वस्त मिळतो तो घाऊक माल. आपल्याकडे स्वस्त मिळतो तो कारागिराचा हात. मॉलमधल्या तयार सुटात यातलं एकही धड पदरात पडत नाही, म्हणून तो महाग वाटतो, आणि खरोखरच महाग असतो.

मॉलमधल्या 18,999 मध्ये काय काय असतं

पहिली गोष्ट कर. 22 सप्टेंबर 2025 पासून अडीच हजारांवरच्या तयार कपड्याला 18 टक्के जीएसटी लागतो. त्याआधी हजार रुपयांवरच्या कपड्याला 12 टक्के होता. म्हणजे या सुटातले जवळजवळ 2,900 रुपये सरळ कराचे. तेच कापड तुम्ही मीटरवर घेतलं तर कर 5 टक्के. सहा हजारांच्या कापडात तो तीनशेच्याही आत राहतो. शर्टाला अडीच हजारांपर्यंत 5 टक्केच आहे, त्यामुळे तयार शर्ट घेताना ती रेघ लक्षात ठेवा. जरा वर गेलात की एकदम सव्वातीनशेचा फरक पडतो.

दुसरी गोष्ट मापांची, आणि माझ्या मते खरी मेख इथेच आहे. एकाच रंगाचा एक सूट विकायला ठेवायचा तर दुकानाला 36 पासून 46 पर्यंतची मापं ठेवावी लागतात. शर्ट बारा महिने खपतो. सूट खपतो तो लग्नाच्या चार-पाच महिन्यांत, आणि त्यातही 40 आणि 42 आधी उडतात. उरलेला माल हँगरवर अडकून राहतो, त्यावर भाडं चढतं, व्याज चढतं. हा न खपलेल्या मालाचा खर्च खपलेल्या सुटाच्या एमआरपीत घातलेला असतो. अमेरिकेत हाच सूट शेकडो दुकानांतून वर्षभर विकला जातो, कापड लाखो मीटरच्या हिशेबाने घेतलं जातं, आणि अडकलेला माल आउटलेटमध्ये नेऊन निम्म्या भावात काढला जातो. तिथल्या टॅगवरची मोठी किंमत फारसं कुणी देतच नाही. आपल्याकडे मोठे सेल जुलैत आणि जानेवारीत लागतात. फेब्रुवारीच्या लग्नाला जानेवारी सोयीचा वाटतो खरा, पण तोवर आपलं माप राहिलेलं नसतं.

विदेशी ब्रँड बाहेरून आयात होऊन आला असेल तर गणित आणखी चढतं. मूळ सीमाशुल्क 20 टक्के धरलं तरी 100 चे 120 होतात, त्या शुल्कावरच्या अधिभाराने 122, आणि त्या सगळ्यावर 18 टक्के जीएसटी. कोट दुकानात पोचण्याआधीच 144 चा झाला.

मला सगळ्यात टोचलं ते वेगळंच. पीथमपूर इथून तासाभरावर. तिथे शिवलेले कपडे परदेशात जातात. निर्यातीच्या मालावर जीएसटीचा बोजा राहत नाही, इतर करांचा परतावाही मिळतो, कारण आपले कर बाहेर पाठवायचे नसतात. धोरण म्हणून ते योग्यच आहे, त्यातून माणसांना काम मिळतं. पण त्यामुळे आपल्याच माळव्यात शिवलेला टी-शर्ट परदेशातल्या गिऱ्हाइकाकडे आपल्या करांशिवाय पोचतो, आणि आपण घेतो तो मात्र सगळे कर अंगावर घेऊन. ज्या शहरात मालवा मिल आणि हुकुमचंद मिलच्या भोंग्यांवर घड्याळं लागायची, त्या शहरात हे बघून वाईट वाटतं. हुकुमचंद मिल 1991 मध्ये बंद पडली.

बहिणीच्या बॅगेतून

भाचीचं म्हणणं खोटं नाही. न्यू जर्सीत कपड्यांवर सेल्स टॅक्सच नाही. तिने पाठवलेल्या फोटोंमधला सूट शुद्ध लोकरीचा होता आणि आउटलेटमध्ये त्याची किंमत रुपयांत पंधरा हजारांच्या आसपास बसत होती. इथे मॉलमध्ये त्याहून जास्त पैसे देऊन पॉलिएस्टर-व्हिस्कोसचा सूट हातात पडतो. नुसत्या कापडाची तुलना केली तर अमेरिका जिंकते.

अडतं ते मापावर. तिथे तयार सुटात कोट आणि पँटमध्ये सहा इंचांचा फरक धरलेला असतो, म्हणजे 40 चा कोट घेतला की 34 ची पँट. आमच्या भाच्याची छाती 40 आणि कंबर 37. कंबर इंच-दीड इंच वाढवता येते, आत माया, म्हणजे शिवणीबाहेरचं जादा कापड, सोडलेली असेल तर. तीन इंच कुठून आणायचे? सुटे कोट-पँट घेतले तर हा प्रश्न सुटतो, पण खांद्याचा सुटत नाही. माझ्याकडे एका मित्राने प्रेमाने लंडनहून आणलेला ब्लेझर आहे. कापड इतकं सुरेख की हात फिरवत राहावं. खांदा मात्र इंचभर रुंद. आमच्या शिंप्याने, मास्टरजींनी, तो मला घालायला लावला, खांद्याचं टोक चिमटीत धरलं आणि मान हलवली. म्हणाले, खांदा उसवायचा तर बाही काढा, कॉलर काढा, अस्तर उघडा, एवढ्यात नवा कोट होतो. आठ वर्षं तो कपाटात टांगलेला आहे.

बाहेरून मागवणाऱ्यांनी म्हणून हे ध्यानात ठेवावं: पँटची लांबी, कंबर आणि कोटाच्या बाजू दुरुस्त होतात. बाहीची लांबीही होते, मात्र मनगटावरची काजं खरी कापलेली नसतील तरच. खांदा आणि कोटाची उंची यांच्या वाटेला जाऊ नये. दुसरं, थंड देशांसाठी शिवलेला, मीटरला 300 ग्रॅमवरच्या कापडाचा सूट इंदूरच्या एप्रिल-मेच्या लग्नात अंगावर ठेववत नाही. इथे 240 ते 260 ग्रॅमची हलकी लोकर बरी. आणि पार्सलने मागवाल तर शुल्क, जीएसटी आणि कुरियरची फी धरून मगच स्वस्त-महाग ठरवा. परतीचा तर प्रश्नच येत नाही.

परदेशात शिवून घेणं हा वेगळा मामला. लंडनच्या सॅव्हिल रोवर हाताने शिवलेला सूट हजारो पौंडांना जातो, पन्नासहून जास्त तासांचं हातकाम असतं त्यात. बँकॉकला सुखुमवित भागात भारतीय वंशाच्या शिंप्यांची दुकानं आहेत, भाव परवडतात. पण चोवीस तासांत सूट देतो म्हणणाऱ्याकडे तो शिवायला टाकू नका. चार-पाच दिवस मुक्काम असेल, दोन ट्रायल मिळणार असतील, तर विचार करा.

क्लॉथ मार्केट आणि मास्टरजी

राजवाड्यामागे सीतलामाता बाजाराच्या गर्दीतून वाट काढत आम्ही एम.टी. क्लॉथ मार्केटला गेलो. एम.टी. म्हणजे महाराजा तुकोजीराव, हे भाच्याला तिथे कळलं. गादीवरच्या काकांनी पाच ताके उलगडले. मी म्हटलं, यातला लोकरीचा कोणता आणि टी.आर., म्हणजे पॉलिएस्टर-व्हिस्कोसचा, कोणता ते कसं ओळखायचं? त्यांनी काही न बोलता दोन्ही ताक्यांच्या कडेचे दोन-दोन धागे ओढले आणि काडी पेटवली. एक धागा आक्रसून कडक काळा मणी झाला, तो पॉलिएस्टर. दुसऱ्याला केस जळल्याचा वास आला आणि बोटात चुरताच त्याची राख झाली. मग म्हणाले, "आता मुठीत दाबून बघा." लोकरीची चुणी मूठ उघडताच हळूहळू सरळ झाली.

58 इंच पन्ह्याच्या कापडात सुटाला सव्वातीन मीटर लागतात. उंच माणसाला थोडं जास्त. किनारीवर 'सुपर 100' किंवा 'सुपर 120' लिहिलेलं असतं, तो धाग्याच्या बारीकपणाचा आकडा. सुपर 100 म्हणजे 18.75 मायक्रॉन, 120 म्हणजे 17.75. जितका मोठा आकडा तितकं कापड मऊ आणि तितकंच नाजूक. लग्नानंतरही वापरायचा असेल तर 100 किंवा 110 वर थांबा. बारीक मेरिनो लोकर आपल्याकडे प्रामुख्याने ऑस्ट्रेलियातून येते, तिथल्या लोकरीवरचं आयातशुल्क 29 डिसेंबर 2022 पासून उठलं. विणकाम मात्र इथेच होतं. रेमंडची एक मोठी गिरणी आपल्याच राज्यात छिंदवाड्याकडे आहे. आमच्या मेव्हण्यांच्या तोंडी अजून 'ग्वाल्हेरचं सूटिंग' असतं. ते बनवणाऱ्या ग्रासिमचा जन्म 1947 मध्ये ग्वाल्हेरचाच.

आम्हाला शुद्ध लोकरीचं कापड मीटरला 2,600 ने मिळालं, म्हणजे 8,450 रुपये. शिलाई अस्तरासकट 6,500. त्यावर कॅनव्हासचे 2,000 वेगळे. एकूण 16,950. मॉलपेक्षा दोन हजारांनी कमी, आणि अमेरिकेतल्या सेलपेक्षा थोडं जास्त. लोकर-पॉलिएस्टरचं मिश्र कापड घेतलं असतं तर बारा-तेरा हजारांत भागलं असतं.

कॅनव्हासचे दोन हजार कशाला, असं भाच्याने विचारलं. मास्टरजींनी एक अर्धवट शिवलेला कोट उलटा करून त्याच्या मांडीवर ठेवला. छातीच्या आत खळ नसलेलं जाडसर कॅनव्हास, आणि त्यावर हाताने घातलेले तिरपे, सैलसर टाके, एकेक अर्ध्या इंचाचा. "हा छातीबरोबर हलतो," ते म्हणाले. शेजारी दुसरा कोट होता, त्यात बकरम, म्हणजे आतलं कडक कापड, प्रेसने चिकटवलेलं. तो आज जास्त गुळगुळीत दिसत होता. पण चार-पाच ड्रायक्लीननंतर चिकटवलेलं सुटतं आणि छातीवर फोड आल्यासारखे फुगे दिसतात. मॉलमधले त्या किमतीचे बहुतेक कोट असेच असतात. तपासायचं तर बटणाखालचं वरचं कापड आणि अस्तर दोन चिमटीत धरून एकमेकांपासून ओढा. मध्ये तिसरा सुटा थर जाणवला तर कॅनव्हास आहे.

शिंप्याकडे अडचणी नाहीत असं मी म्हणणार नाही. एका दुकानाने माझ्या धाकट्या भावाचा सूट लग्नाच्या दिवशी सकाळी दिला होता, बाहीला अजून खडूच्या रेघा होत्या. चांगले कोट-कारागीर कमी होत चाललेत, नगावर पैसे मिळतात, मुलं या कामात उतरत नाहीत. मोसमात एकाच कारागिराकडे दहा कोट पडलेले असतात. त्यामुळे तारीख लग्नाच्या पंधरा दिवस आधीची सांगा आणि कच्च्या शिलाईची ट्रायल झाल्याशिवाय पक्की टीप घालू देऊ नका. शिलाईत घासाघीस तर मुळीच करू नका. पाचशे रुपये कापले की ते हाताच्या टाक्यांतून जातात.

ज्याचं शरीर नेमकं 40-34 मध्ये बसतं, ज्याने पूर्वी तोच ब्रँड घातलाय आणि घरचं माणूस येणारच आहे, त्याने परदेशातून बेलाशक मागवावं. लग्न दहा दिवसांवर असेल तर मॉलला पर्याय नाही. तिथेही पैसे खांदा बरोबर बसतोय ना यासाठी द्या, ब्रँडच्या पट्टीसाठी देऊ नका. बाकी सगळ्यांनी, विशेषतः पोट-खांद्याची मापं चार्टमध्ये बसत नाहीत त्यांनी, कापड घेऊन मास्टरजींकडे जावं.

भाचीला आम्ही शर्ट आणायला सांगितले. सुती, पांढरे, दोन. तिथल्या सेलमध्ये ते खरंच छान मिळतात, आणि शर्टाचा खांदा अर्धा इंच इकडेतिकडे झाला तर चालतो.

परवा दुसरी ट्रायल झाली. मास्टरजींनी भाच्याला स्टुलावर बसवलं, मग उठवलं, मग दोन्ही हात वर करायला लावले, हार घालताना करतो तसे. कोट मानेपासून सुटला नाही. उजवा मुंढा मात्र किंचित घट्ट वाटला. त्यांनी तिथेच टाका उसवला, मायेतून पाव इंच सोडलं आणि पुढच्या गुरुवारची तारीख दिली.