सोलर पुढे, आयसोलेटर आधी: मानेवाड्यातील एका विद्युत कामाचे परीक्षण

नागपूरच्या मानेवाडा भागातील आमच्या दुमजली घराचे जुने वायरिंग नव्याने करून घेताना, गच्चीवर पुढे बसणाऱ्या सोलर पॅनेलसाठी लागणारा एसी बाजूचा (घरातील विजेच्या बाजूचा) आयसोलेटर, म्हणजे वीज हाताने पूर्ण तोडणारा स्विच, त्याची वायर आणि तिचा पाइप हे सारे त्याच कामात उरकून घेतले. काम एका परवानाधारक स्थानिक विद्युत कंत्राटदाराने केले. त्याचे नाव येथे देत नाही, कारण मला व्यक्तीपेक्षा कामाची पद्धत सांगायची आहे. एकंदर काम फार चांगले झाले, आणि ज्यांच्या घरी वायरिंग किंवा रंगकाम निघणार आहे त्यांनी ही तयारी त्याच वेळी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

सोलर लगेच बसवले नाही, याचे कारण गच्चीचे वॉटरप्रूफिंग बाकी आहे, आणि पॅनेलच्या सांगाड्याचे पाय स्लॅबवर एकदा बसले की त्याखालचे गळतीचे काम करणे अतिशय अवघड होते. २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते, त्यामुळे घाईचा मोह होतो खरा. पण भिंतीतून जाणारी वायर ही वेगळी बाब आहे. भिंत उघडी असेपर्यंत ती स्वस्तात जाते, आणि रंग झाल्यावर तीच वायर उघड्या पाइपातून भिंतीवरून न्यावी लागते किंवा नवी झिरी (भिंतीत खाच) मारावी लागते.

याआधी ज्या एका विक्रेत्याकडून दरपत्रक घेतले होते, त्याने साधा एसी स्विच दाखवून तोच पॅनेलच्या बाजूलाही चालेल असे ठामपणे सांगितले होते. हे धोकादायक आहे. आपल्याकडचा ५० हर्ट्झचा एसी प्रवाह दर सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताना (बंद करताना) संपर्कांमध्ये पेटलेली ठिणगी विझायला संधी मिळते. पॅनेलकडून येणाऱ्या, एकाच दिशेने वाहणाऱ्या डीसी प्रवाहाला (इन्व्हर्टर हे यंत्र पुढे त्याचा एसी करते) असा शून्याचा क्षणच नसतो. सध्याची मोठी सहा पॅनेल एका माळेत जोडली की व्होल्टेज ३०० च्या घरात जाते, थंडीतल्या सकाळी आणखी थोडे वाढते, आणि अशा वेळी एसीसाठी बनवलेला स्विच उघडला तर आत ठिणगी टिकून राहून पेटी जळू शकते. आमच्या कंत्राटदाराने हा फरक न विचारता सांगितला, आणि वर असेही म्हणाला की, ‘‘डीसीचा आयसोलेटर आत्ता घेऊच नका भाऊ, पॅनेल किती आणि इन्व्हर्टर कोणता हे ठरल्याशिवाय त्याचे व्होल्टेज ठरत नाही, आणि बऱ्याच इन्व्हर्टरमध्ये तो आतच असतो.’’ स्वतःची विक्री कमी करणारा हा सल्ला ऐकून माझा त्याच्यावर विश्वास बसला.

इन्व्हर्टर जिन्यावरच्या खोलीत सावलीत ठेवायचा आणि तेथून एसी वायर खाली मीटरजवळ आणायची, अशी आखणी ठरली. ३ किलोवॉटच्या सिंगल फेज इन्व्हर्टरचा प्रवाह १३ अँपिअरच्या आसपास असतो, ५ किलोवॉटचा २२ च्या आसपास, म्हणून आयसोलेटर ३२ अँपिअरचा, आणि फेज व न्यूट्रल दोन्ही एकाच वेळी तोडणारा दोन पोलचा घेतला. वायर मात्र त्याने ४ चौरस मिलिमीटरची न घेता ६ ची घ्यायला लावली. सोलरच्या बाबतीत वीज घराकडून खांबाकडे ढकलली जाते आणि त्यासाठी इन्व्हर्टरला लाइनपेक्षा थोडे जास्त व्होल्टेज काढावे लागते. २० मीटर अंतरावर २२ अँपिअरला ४ च्या तांब्याच्या वायरीत सुमारे ४ व्होल्टची भर पडते, ६ च्या वायरीत पावणेतीनच्या आसपास. दुपारी लाइनचेच व्होल्टेज चढलेले असले तर एवढ्याशा फरकानेही इन्व्हर्टर जास्त व्होल्टेजचे कारण दाखवून बंद पडू शकतो, म्हणजे ऊन भरात असताना आपली निर्मिती थांबते. वायरीच्या किमतीतला फरक या मानाने किरकोळ आहे.

स्विचच्या जागेवरून आमची बरीच चर्चा झाली. मला तो फाटकातून दिसणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीवर हवा होता. कंत्राटदाराने त्याला साफ नकार दिला, आणि त्याचे म्हणणे योग्य होते. नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा दुपारच्या उन्हातल्या बंद पेटीतले तापमान त्याहून कितीतरी जास्त असते. स्विचवर लिहिलेले अँपिअर हे ठराविक तापमानासाठीच असतात आणि उष्णता वाढली की त्याची क्षमता घटते. शेवटी तो उत्तरेच्या भिंतीवर, मीटरशेजारी, उभ्या माणसाच्या हाताला येईल अशा उंचीवर बसला. पेटी धूळ आणि पाणी रोखणाऱ्या आयपी ६५ दर्जाची आहे, आणि वायर खालून ग्लँडमधून (वायरीभोवतीची फट घट्ट बंद करणाऱ्या तुकड्यातून) आत घेतली आहे, जेणेकरून झड लागली तरी पाणी वायरीवरून उतरत पेटीत शिरणार नाही. मूठ ‘बंद’ स्थितीत ठेवून तिला कुलूप लावता येते. माझ्या मते आयसोलेटर घेताना हा गुण सर्वात आधी पाहावा, कारण वर कोणी काम करत असताना खालून दुसऱ्याने तो चालू करणे याच एका सोयीने टळते.

आयसोलेटर हा संरक्षण देणारा स्विच नाही, हेही त्याने घरातल्या सर्वांना बसवून समजावले. शॉर्ट सर्किट झाले तर तो आपोआप पडत नाही, ते काम एमसीबीचे. त्यासाठी डीबीमध्ये (घरातील वीज वाटपाच्या मुख्य पेटीत) एक जागा राखून झाकणी लावली आहे. सोलरची जोडणी घराच्या आरसीसीबीच्या (विजेची गळती ओळखून पडणाऱ्या स्विचच्या) आधी, मीटरच्या बाजूला करायची, असा निर्णयही आत्ताच लिहून ठेवला आहे. तोपर्यंत ही वायर दोन्ही टोकांना मोकळी आहे. खालचे टोक जिवंत बसबारला (पेटीत वीज वाटणाऱ्या धातूच्या पट्टीला) जोडलेले नाही, वरचे टोक जिन्यावरच्या खोलीतल्या जंक्शन बॉक्समध्ये प्रत्येक तारेला वेगळी टोपी लावून बंद केले आहे, आणि दोन्हीकडे ‘सोलर, जोडणी बाकी’ अशी पट्टी आहे. स्विच बंद आहे एवढ्यावर विसंबून जिवंत वायर गच्चीपर्यंत नेऊन ठेवणारे कारागीरही असतात, म्हणून हे मुद्दाम लिहितो आहे.

काम संपल्यावर ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरीच्या आवरणाचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) फेज, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधला रोध तपासला गेला. पॅनेलच्या अर्थिंगसाठी वेगळ्या पाइपातून मोकळी वाटही ठेवली आहे. पुढे पॅनेल बसल्यावर खालचा आयसोलेटर बंद केला तरी ऊन असेपर्यंत पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या डीसी वायरीत व्होल्टेज राहणारच, तेव्हा त्या वायरींचा मार्ग राहत्या खोल्यांतून नेऊ नका, हा त्याचा शेवटचा सल्ला होता.

या जादा कामाचा खर्च वायर, पाइप, पेटी, स्विच आणि मजुरी धरून साडेनऊ हजारांच्या आसपास आला, आणि तो मला रास्त वाटतो. नाराजी दोन गोष्टींची आहे. झिरी बुजवताना प्लॅस्टर घाईने केले गेले, त्यामुळे जिन्याच्या भिंतीला बारीक तडा गेला आणि रंगाऱ्याला तेथे पुन्हा लांबी (पुट्टी) भरावी लागली. दुसरे म्हणजे मेगरचे आकडे आधी केवळ तोंडी सांगितले गेले. ते बिलावर लिहून आणि सहीनिशी हवेत असा आग्रह धरल्यावर त्याने तसे करून दिले. तोच कागद आता डीबीच्या दाराच्या आतल्या बाजूला, वायरीचा मार्ग दाखवणाऱ्या आकृतीसह, प्लॅस्टिकच्या पाकिटात चिकटवला आहे, म्हणजे उद्या सोलर बसवायला जो कोणी येईल त्याला भिंतीत काय आहे हे शोधत बसावे लागणार नाही.