सोळा थ्रेड आणि हायकू : सात महिने वापरल्यावर

कळ दाबून खुर्ची पुढे ओढेपर्यंत डेस्कटॉप समोर. आठ कोअर, सोळा थ्रेडचा (म्हणजे एका वेळी सोळा कामं हाताळणारा) प्रोसेसर आणि एनव्हीएमई ड्राइव्ह (वेगवान डिस्क) असलेल्या माझ्या मशीनवर हायकू ही ऑपरेटिंग सिस्टीम अशी सुरू होते. पहिला आठवडाभर मी ते नुसतंच बंद-चालू करत बसलो होतो, खोटं कशाला सांगू! आता सात महिने झाले. बीटा 5 (पाचवी चाचणी आवृत्ती), चौसष्ट बिट, रोज संध्याकाळी दोन-तीन तास.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : हायकू हा बीओएसचा, म्हणजे बी कंपनीच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमचा, नवा अवतार. 2001 मध्ये बी कंपनीची मालमत्ता पाम या कंपनीने घेतली आणि त्याच वर्षी चाहत्यांनी ती सिस्टीम मुळापासून नव्याने लिहायला घेतली. पहिला बीटा यायला 2018 उजाडलं. हौशी लोकांचा कारभार, घाई कुणालाच नाही.

पण बीओएसची मूळ कल्पना काळाच्या पुढची होती. बीबॉक्समध्ये, म्हणजे बी कंपनीच्याच संगणकात, सुरुवातीला 66 मेगाहर्ट्झचे दोन पॉवरपीसी प्रोसेसर असायचे आणि सिस्टीममध्ये प्रत्येक खिडकीला स्वतःचा थ्रेड, म्हणजे बाकीच्यांसाठी न थांबता चालणारं स्वतंत्र काम. दोन प्रोसेसरसाठी मांडलेला तो डाव आज माझ्या सोळा थ्रेडवर रंगतो. मोठा प्रोजेक्ट कंपाइलला (कोडमधून चालणारा प्रोग्रॅम बनवायला) लावला, सगळे थ्रेड त्याला जुंपले, तरी मेन्यू लगेच उघडतो आणि खिडकी ओढताना अडखळत नाही. याच मशीनवर दुसऱ्या सिस्टीममध्ये तेच काम चालू असताना मी हात बांधून बसतो.

एकदा गंमत म्हणून डेस्कबारमधल्या (इथल्या टास्कबारमधल्या) प्रोसेसकंट्रोलर या छोट्या प्रोग्रॅममधून प्रोसेसरचे बारा थ्रेड बंद केले. कंपाइलचा वेळ अर्थातच वाढला. बाकी काही नाही! फाइली, मेल, लिखाण, सगळं तसंच. एवढा महागाचा प्रोसेसर, आणि या सिस्टीमला त्याचा कोपरा पुरतो.

मग उरलेली ताकद जाते कुठे? ग्राफिक्सचं ओझं वाहण्यात. नव्या ग्राफिक्स कार्डांसाठी हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन नाही. माझं कार्ड साध्या फ्रेमबफर ड्रायव्हरवर चालतं, म्हणजे त्याचं काम फक्त तयार चित्र पडद्यावर पोचवण्याचं. व्हिडिओ उलगडणं, थ्रीडी रंगवणं, सगळं प्रोसेसरच्या गळ्यात. व्हिडिओ नीट दिसतो, पण पंखा घोंघावायला लागतो. रिझोल्यूशन बदलायचं तर मशीन पुन्हा सुरू करून बूट मेन्यू गाठा. दुसरा मॉनिटर मी सरळ काढून ठेवला.

मशीन झोपवायची सोय नाही. उठायचं तर बंद करा. सुरू व्हायला वेळ लागत नाही म्हणून हे खपतं. लॅपटॉपवर मात्र मी हा उद्योग करणार नाही.

वायफायचे ड्रायव्हर बरेचसे फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडी या दुसऱ्या सिस्टीमकडून आणलेले आहेत. माझ्या कार्डाला त्यांत जागा नव्हती, त्यामुळे सात महिने केबलच वापरतोय. कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, कोसळला की पांढऱ्या पडद्यावर जो डीबगर (बिघाड शोधायचं साधन) उघडतो, त्याला इथली मंडळी केडीएल म्हणतात. मला तो तीनदा दिसला, त्यातला एक यूएसबी डिस्क घाईने उपटल्यामुळे. चूक माझीच.

चौथ्या महिन्यात एका अपडेटनंतर डेस्कटॉपच येईना. इथे पॅकेजची (प्रोग्रॅमच्या फाइलींच्या गठ्ठ्याची) रचना कामी आली. पॅकेज उलगडून फाइली विखुरल्या जात नाहीत, ते केवळ वाचण्यापुरतं जोडलं जातं, आणि अपडेटआधीची स्थिती जपून ठेवलेली असते. बूट लोडरमधून (सिस्टीम सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममधून) कालची स्थिती निवडली आणि पाच मिनिटांत कामाला लागलो. फॉरमॅट करायची मनाची तयारी केली होती, ती वाया गेली.

फाइल सिस्टीमवर तर मी फिदा आहे. प्रत्येक मेल ही एक फाइल, आणि पाठवणारा, विषय, तारीख हे त्या फाइलचे गुणधर्म. इंडेक्स (आधीच बनवलेली सूची) असलेल्या गुणधर्मांवर शोध लावला की निकाल लगेच येतो, आणि ती खिडकी उघडी ठेवली तर नवा मेल आपसूक तिथे उमटतो. यासाठी वेगळा प्रोग्रॅम लागत नाही.

बँकेचं काम मात्र इथे करत नाही. सिस्टीम एकाच वापरकर्त्याची आहे आणि त्या वापरकर्त्याला सगळेच अधिकार असतात. जड वेबसाइटींवर वेबपॉझिटिव्ह ब्राउझरही दम टाकतो.

कुणाला करून बघायचं असेल तर डिस्कला हात लावू नका. पेनड्राइव्हवरून थेट चालवा, आधी नेटवर्क चालतंय का आणि पडदा हव्या त्या रिझोल्यूशनला येतोय का एवढं पाहा. प्रोसेसरची चिंता नको, तो यात कधीच कमी पडत नाही.