पेडल स्टील: आखूड-कडक की लांब-मऊ?

पेडल स्टील म्हणजे आडवी ठेवून वाजवायची गिटार; पायाने पेडल दाबलं की तारेचा स्वर बदलतो. तार ओढणारी सळई बेलक्रँकच्या (पेडल दाबल्यावर आसाभोवती फिरणाऱ्या तरफेच्या) कुठल्या खाचेत अडकवायची, यावर सगळा खेळ. आसापासून लांबच्या खाचेत घातली की पेडल जरासंच दाबावं लागतं, पण कडक होतं. जवळच्या खाचेत मऊ, पण पाय खोल जातो. सळईच्या दुसऱ्या टोकाला चेंजर, म्हणजे तार ताणणारा भाग; त्याच्या भोकांचं उलटं: आसाजवळचं भोक आखूड-कडक.

जलद वाजवायला आखूड बरं. मींड घ्यायची तर मला लांब-मऊच हवं. स्वर पायाखाली हळूहळू चढताना कळतो.

ई९ या तारा जुळवायच्या नेहमीच्या पद्धतीत 'ए' पेडल ५वी आणि १०वी तार पूर्ण स्वराने चढवतं, 'बी' ३री आणि ६वी अर्ध्या स्वराने. दोन्ही एकाच पायाने दाबायची, त्यामुळे 'ए' थोडं आखूड, 'बी' थोडं लांब ठेवलं की दोन्ही एकदम टेकतात. माझं 'बी' आधीच टेकायचं आणि 'ए' अर्ध्यातच बेसूर राहायचं. उद्यमनगरात एका लेथवाल्याकडून नवी बेलक्रँक करून घेतली, तेव्हा मिटलं. खाच बदलली की टोकाचा नायलॉनचा नट फिरवून पुन्हा सुरात आणायचं, आणि सळईला किंचित ढिल ठेवायची.

आणि हो, जाड तळाचं कोल्हापुरी पायताण घालून मऊ पेडल वाजवू नका. काही कळत नाही.