नेट झकास, पण वायर कुणाच्या खांबावर? आमच्या एरियातल्या फायबरवाल्याचा रिव्ह्यू

नाव लिहीत नाही, पोरं ओळखीची आहेत, रोज गल्लीत भेटतात. दीड वर्ष झालं यांचं कनेक्शन घेऊन. 100 एमबीपीएसचा प्लॅन, 499 अधिक जीएसटी म्हणजे महिन्याला 589, आणि स्पीड खरंच मिळतो, रात्री नऊला सगळी गल्ली मॅच बघत असते तेव्हाही. कंप्लेंट टाकली की त्याच दिवशी माणूस दारात, एक दाबा दोन दाबा करत बसावं लागत नाही. इथपर्यंत पाच स्टार.

आता राडा. मागच्या महिन्यात मीटिंग चालू असताना नेट गेलं, घरातल्या नेटच्या डब्यावर एलओएसचा, म्हणजे सिग्नल गेल्याचा, लाल दिवा लुकलुकतोय. बाहेर येऊन बघतो तर कोपऱ्यावरच्या खांबाखाली काळ्या वायरींचा ढीग, आणि वीज कंपनीचा लाइनमन शिडीवर पक्कड घेऊन कटाकट तोडतोय. म्हटलं भाऊ हे काय, तर तो वरूनच, "साहेब तुम्हीच बघा, पाय ठेवायला जागा आहे का? सहा डबे लटकवलेत, एकाचाही कागद नाही." खोटं नव्हतं बोलत. फायबरची वेटोळी, केबल टायने बांधलेले डबे, त्यातला एक तर उघडाच, आणि पावसाळ्यात त्या माणसाने त्यातून वाट काढत वर चढायचं. हैदराबादला ऑगस्ट 2025 मध्ये गोकुळाष्टमीच्या रथाच्या मिरवणुकीत शॉक लागून माणसं गेली आणि त्यानंतर तिथे खांबांवरच्या केबल धडाधड तोडल्या, ते आठवलं.

फायबरवाल्याला फोन केला. "काका टेन्शन नका घेऊ, परवानगी आहे सगळी." म्हटलं पाठव. व्हॉट्सॲपवर आलं काय, तर इंटरनेट सर्व्हिसचं लायसन! अरे बाबा, ते धंदा करायचं लायसन झालं. त्याने फार तर खांब वापरू द्या म्हणून अर्ज करता येतो, खांब ज्याचा त्याची परवानगी वेगळी घ्यायची असते. महापालिकेची रस्ता खोदायची परवानगी ती अजून तिसरीच. हे तिन्ही कागद एकच समजणारे आमच्याकडे खूप आहेत, मीही परवापर्यंत त्यातलाच.

मग जरा वाचलं. वीज कायदा 2003, कलम 51. वीज वितरण कंपनीला आपले खांब वगैरे वापरून दुसरा धंदा करता येतो, म्हणजे केबलवाल्याला भाड्याने देता येतात, फक्त आधी वीज नियामक आयोगाला कळवायचं आणि त्या कमाईतला काही भाग व्हीलिंग चार्ज कमी करायला वापरायचा. व्हीलिंग चार्ज म्हणजे वीज घरापर्यंत वाहून आणायचे पैसे, आपल्याच वीजबिलातली ती ओळ जी आपण न वाचता भरतो. म्हणजे फुकट लटकवलेली वायर वीज कंपनीला पडते तशी थोडीफार माझ्याही खिशाला पडते.

आणि भाडं काय फार असतं असंही नाही. केंद्राने 2022 मध्ये राइट ऑफ वेच्या, म्हणजे केबल न्यायला जागा वापरू देण्याच्या, नियमात दुरुस्ती केली, तेव्हा विजेचे खांबसुद्धा स्ट्रीट फर्निचरमध्ये धरले (फर्निचर म्हणे!) आणि केबल टाकायला एका खांबाला वर्षाला 100 रुपये दर ठेवला. हिशोबाला तोच धरू. यांच्या ऑफिसपासून माझ्या घरापर्यंत मी चालत मोजले, 40 खांब. झाले 4000. या लायनीवर 200 कनेक्शन असतील तर माणशी वर्षाला 20 रुपये. मी एका चहाचे पैसे जास्त द्यायला तयार आहे रे, पण वायर कायदेशीर टांगा. केरळात केफोन या सरकारी इंटरनेट योजनेची फायबर तिथल्या वीज मंडळाच्या खांबांवरूनच नेलीय, म्हणजे खांबावर वायर टांगणं हाच गुन्हा आहे असं अजिबात नाही.

नवीन कनेक्शन घेणाऱ्यांनी स्पीड विचारायच्या आधी खांबाचा कागद मागा, लायसन दाखवलं तर हे नाही ते म्हणा. दोन दिवस मी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काढले, त्या दोन दिवसांचे पैसे मात्र त्यांनी न मागता वजा केले, म्हणून तीन स्टार देतोय, नाहीतर दोनच होते.

नेट तिसऱ्या दिवशी आलं. वायर त्याच खांबावर, त्याच जागी, फक्त यावेळी केबल टाय पांढरे.