गोव्यातल्या फोंड्यातला रविवारचा क्लास : अमेरिकेतले राजकीय पक्ष (पाच रविवार पूर्ण केले, माझा अनुभव)

आधी सांगते, मी पॉलिटिकल सायन्सवाली नाही, एका हार्डवेअरच्या दुकानात अकाउंट्स बघते. धाकटा भाऊ न्यू जर्सीला असतो, तिकडची इलेक्शन आली की फोनवर प्रायमरी, कॉकस, सिनेट असं भराभर बोलत सुटतो आणि मला त्यातलं निम्मंसुद्धा कळत नाही. मोठ्या भावाची मुलगी टीवायबीएला आहे, ती म्हणाली आते, बसस्टँडजवळ एक निवृत्त सर पाच रविवारचा क्लास घेतायत, मी जाते, तूपण चल. फी १२०० रुपये, चार ते सहा, वीसेक माणसं. एवढ्या फीमध्ये काय शिकवणार असं वाटलं होतं पण आता म्हणते की पैसे वसूल झाले, फक्त तिसरा रविवार सोडून, त्याचं पुढे सांगते.

पहिल्याच दिवशी सरांनी विचारलं, अमेरिकेच्या राज्यघटनेत राजकीय पक्षांबद्दल किती कलमं आहेत? कोण पाच म्हणालं, कोण दहा. उत्तर आहे एकही नाही! १७८७ साली फिलाडेल्फियात ज्यांनी ती घटना लिहिली त्यांना गट-तट नकोच होते, ती लिहिणाऱ्यांपैकीच मॅडिसनने तर त्याच वर्षी गटबाजीला आवर कसा घालायचा यावर मोठा लेख लिहिलाय, आणि पहिला राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनने १७९६ ला निरोप घेताना पक्षीय वृत्तीपासून जपा म्हणून देशाला कळकळीनं सांगितलं. पण तोवर त्याच्याच मंत्रिमंडळात दोन बाजू पडल्या होत्या. हॅमिल्टन खजिना सांभाळायचा, त्याला राष्ट्रीय बँक हवी होती, राज्यांची कर्जं केंद्रानं उचलावीत असं त्याचं म्हणणं. जेफर्सन परराष्ट्र खातं बघायचा, त्याला वाटायचं अशानं सगळी ताकद केंद्राकडे आणि सावकारांकडे जाईल, शेतकरी आणि राज्यं मागे पडतील. १७९१ ला बँक झाली आणि भांडण वाढतच गेलं, त्यातूनच एकीकडे फेडरलिस्ट आणि दुसरीकडे जेफर्सनचे रिपब्लिकन, ज्यांना आता डेमोक्रॅटिक-रिपब्लिकन म्हणतात, असे पक्ष उभे राहिले.

आणि मग सर म्हणाले, आता आपला जनमत कौल आठवा, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा यावरचं मतदान. तिथं माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष) म्हणजे विलीनीकरण हवं, युनायटेड गोवन्स पक्ष म्हणजे नको, अख्खं राजकारण एका प्रश्नाभोवती फिरत होतं. आमच्या घरात आजोबा फूलवाले (फूल म्हणजे विलीनीकरणाची खूण) आणि आजीचे भाऊ दोन पानवाले (म्हणजे गोवा वेगळा राहू दे), १६ जानेवारी १९६७ नंतर कितीतरी दिवस ते एका पंगतीला बसले नाहीत हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. दोन पानं ३४,०२१ मतांनी जिंकली, प्रश्न मिटला, आणि हळूहळू युनायटेड गोवन्स पक्षही राहिला नाही. तिकडे फेडरलिस्टांचं असंच झालं, १८१६ नंतर ते जवळजवळ दिसेनासेच झाले. पक्ष म्हणजे झेंडा आणि चिन्ह एवढंच मला ठाऊक होतं, तो आधी एका न सुटलेल्या प्रश्नाची एक बाजू असतो हे इतक्या वर्षांत कुणी असं सांगितलंच नव्हतं.

दुसरा रविवार सगळ्यात भारी. १८०० सालची इलेक्शन सरांनी गोष्टीसारखी सांगितली. तिकडे राष्ट्राध्यक्ष थेट लोकांच्या मतांवर नाही तर राज्याराज्यांतून निवडलेल्या इलेक्टरांच्या मतांवर, म्हणजे इलेक्टोरल मतांवर, ठरतो. तेव्हा राष्ट्राध्यक्ष आणि उपाध्यक्ष यांची वेगळी मतं नसायची, पहिला आला तो राष्ट्राध्यक्ष आणि दुसरा तो उपाध्यक्ष. त्यामुळं १७९६ ला अॅडम्स एका पक्षाचा आणि त्याचा उपाध्यक्ष जेफर्सन विरोधी पक्षाचा! आणि १८०० ला जेफर्सन आणि त्याच्याच पक्षाचा अॅरन बर, दोघांना सारखी ७३ इलेक्टोरल मतं. मामला प्रतिनिधीगृहात, म्हणजे तिकडच्या संसदेच्या खालच्या सभागृहात, गेला, छत्तिसाव्या फेरीत जेफर्सन निवडून आला, आणि मग १८०४ ला बारावी घटनादुरुस्ती करून दोन पदांची मतं वेगळी केली. म्हणजे घटनेत पक्षाचं नाव नाही पण पक्षांमुळं घटना बदलावी लागली. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॅक्सन आणि व्हॅन ब्युरेन यांनी १८२८ ला गावोगावी माणसं जोडून पक्ष कसा बांधला तेही त्याच दिवशी झालं, आजचा डेमोक्रॅटिक पक्ष तिथून येतो.

आता तक्रार. तिसऱ्या रविवारी वीस मिनिटं उशिरा सुरुवात, आणि गुलामगिरीच्या प्रश्नावर डेमोक्रॅट्सचा तेव्हाचा विरोधी व्हिग पक्ष फुटला, १८५४ ला आजचा रिपब्लिकन पक्ष निघाला, १८६० ला चार उमेदवारांत साधारण ४० टक्के मतांवर लिंकन जिंकला, इथपर्यंत छान चाललं होतं, पण मग रूझवेल्टपासून १९६४ च्या नागरी हक्क कायद्यापर्यंत सगळं अर्ध्या तासात उरकलं. दक्षिणेतली राज्यं पिढ्यान् पिढ्या डेमोक्रॅट होती ती रिपब्लिकन का झाली, हा तर केवढा मोठा विषय, त्याला एक अख्खा रविवार द्यायला हवा. त्या दिवशीच्या झेरॉक्सवरचे नकाशे इतके काळे की राज्यं ओळखूच येत नव्हती.

चौथ्या रविवारी पक्ष सरकारात नेमकं करतात काय ते झालं. तिकडे राष्ट्राध्यक्ष संसदेतून येत नाही, दोघांची निवडणूक वेगळी, पटलं नाही म्हणून एकमेकांना पाडता येत नाही, मग कायदे पुढे सरकायचे तर दोघांना जोडणारा धागा पक्षच. ज्याचं बहुमत त्याचा स्पीकर, त्याच्याच हातात सगळ्या समित्या, कुठलं बिल चर्चेला येणार ते तेच ठरवणार. व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षाचा आदेश, तिकडेही असतो पण त्याचं ऐकलं नाही म्हणून सीट जात नाही.

इथं वर्गात जो आवाज चढला तो विचारूच नका, गोंयकार म्हटल्यावर पक्षांतराचा विषय कोण सोडतोय! सरांनी फळ्यावर आकडे मांडले. आपल्याकडे १९८५ ला पक्षांतरबंदी आली, राज्यघटनेत पक्षांना खरी जागा तेव्हाच मिळाली, आणि आता नियम असा की दोन तृतीयांश आमदार मिळून दुसऱ्या पक्षात विलीन झाले तर चालतं. म्हणून २०१९ ला काँग्रेसचे १५ पैकी १० गेले आणि २०२२ ला ११ पैकी ८, दोन्ही वेळा लागतात तेवढेच. तिकडे असा कायदाच नाही. २००१ ला सिनेट (संसदेचं वरचं सभागृह) ५०-५० असताना व्हरमाँट राज्याचा सिनेटर जेफर्ड्स एकटा रिपब्लिकन पक्षातून बाहेर पडला आणि सिनेटचा ताबा डेमोक्रॅट्सकडे गेला, समित्यांचे अध्यक्षसुद्धा बदलले. मला राग आपल्याकडच्या पक्षांतराचा येतोच, पण एकट्यानं स्वतःच्या मतासाठी उठलं तर सीट जाते आणि घोळक्यानं गेलं तर वाचते, हे मला अजिबात पटत नाही, मी वर्गातही तसंच बोलले.

शेवटच्या दिवशी प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार कोण ते मतदारांनीच ठरवायची निवडणूक. १९६८ ला हम्फ्री एकही प्रायमरी न लढवता डेमोक्रॅट उमेदवार झाला, पक्षाच्या अधिवेशनाच्या वेळी शिकागोत रस्त्यावर मारामाऱ्या झाल्या, त्यानंतर नियम बदलले आणि उमेदवार ठरवायचा हक्क खऱ्या अर्थानं मतदारांकडे आला. आपण इथं तिकीट कुणाला मिळालं ते सकाळी पेपरात वाचतो. तिसऱ्या पक्षांवर मात्र दहाच मिनिटं मिळाली, १९९२ ला अपक्ष पेरोला लोकांची जवळपास १९ टक्के मतं पडून इलेक्टोरल मत एकही नाही, हे कसं ते नीट समजवायला वेळच उरला नाही.

पाचपैकी चार स्टार. सर मराठीत बोलतात, स्लाइड्स इंग्रजीत आहेत, पण अडलं की थांबून समजावतात, कुठल्याच पक्षाची बाजू घेत नाहीत. पुढची बॅच गणेश चवथीनंतर आहे. जागा पुढच्या दोन ओळींत धरा, मागं पंख्याच्या आवाजात ऐकू येत नाही, आणि नाव घालतानाच सांगा की सहावा रविवार वाढवा, आम्ही सात जणांनी सांगितलंय, आणखी सांगणारे मिळाले तर सर तयार आहेत.